गरी एका टोकाची

आम्ही शिरोड्याहून बोलतोय.

आमच्या बचत गटाच्या बैठकीत विषय ठरलेले असतात. हप्ते, व्याज, कोकम, पापड, आणि शेवटी कोणाच्या तरी मुलीचं लग्न. पण गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या बैठकीत आम्ही तब्बल दीड तास माशाच्या गरीवर बोललो. इतिवृत्ताच्या वहीत तो विषय क्रमांक चार म्हणून लिहिलेला आहे. आजचं भाषण त्याच विषयाचं.

झालं असं. आमच्या गटातल्या एक काकी खाडीकाठी पाहुण्यांसाठी जेवण करतात. त्यांचा मुलगा पाहुण्यांना होडीतून खाडीत गरवायला नेतो. हे पाहुणे आपल्यासारखी कोळंबी लावून गरवत नाहीत. त्यांच्याकडे लाकडाचा नाही तर प्लास्टिकचा रंगीत नकली मासा असतो. लुअर म्हणतात त्याला. त्या नकली माशाच्या पोटाखाली एक आणि शेपटीला एक असे दोन गळ लोंबत असतात. आणि तो गळ एका टोकाचा नसतो, तर एका दांड्याला तीन बाजूंना तीन टोकं, असा तीनतोंडी असतो.

त्या दिवशी एका पाहुण्याला तांबोशी लागली. काठाला आणल्यावर गळ काढायला काकी पुढे झाल्या. आयुष्यभर मासळी हाताळलेली बाई. डाव्या हातात मासा धरला, उजव्या हाताने गळ धरला, आणि माशाने झटका दिला. शेपटीच्या गळाची दोन टोकं माशाच्या जबड्यात होती, तिसरं काकींच्या अंगठ्याखाली घुसलं. आता विचार करा. एका बाजूला जिवंत मासा, दुसऱ्या बाजूला हात, आणि मध्ये एकच लोखंड. मासा जितका तडफडे तितका गळ हातात रुते. शेवटी मुलाने पकडीने गळाची कडी तोडली आणि मासा वेगळा केला. दवाखान्यात डॉक्टरांनी टोक पुढे ढकलून बाहेर काढलं, उलटा काटा कापला आणि मग गळ मागे ओढला. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. पंधरा दिवस काकींना भाकरी थापता आली नाही. पाहुण्यांचं जेवण त्यांच्या सुनेने आणि आम्ही मिळून निभावलं.

बैठकीत काकींनी हात दाखवला आणि विचारलं, "तीन तोंडां कित्याक व्हयी गो? माशाक तोंड एकच असता ना?"

सगळ्या हसलो. पण उत्तर कोणालाच देता आलं नाही. आमच्यापैकी ज्यांनी बीएला इतिहास घेतला होता त्यांनाही नाही. शिरोड्याचा इतिहास विचारा, लगेच सांगू. मे १९३० मधला मिठाचा सत्याग्रह सांगू, वि. स. खांडेकर इथल्या शाळेत शिकवत होते ते सांगू. पण घराच्या वळचणीला खोचलेल्या गरीचा इतिहास आम्हाला कोणी शिकवला नव्हता, आणि आम्हीही कधी विचारला नव्हता. काकींच्या प्रश्नामुळे तो शोधला. वाचनालयातली पुस्तकं, गटातल्या मुलींचे मोबाईल आणि केरवाडीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी यांतून जे हाती लागलं ते तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट अशी की गरी लोखंडाची नव्हतीच. माणसाला धातू माहीत नव्हता तेव्हापासून तो गरवतो आहे. जपानच्या ओकिनावा बेटावर साकितारी नावाची गुहा आहे. तिथे शिंपल्याच्या गरी सापडल्या, सुमारे २३ हजार वर्षांपूर्वीच्या. समुद्रातल्या गोगलगाईच्या कवचाचा तळ घासून घासून त्यांना चंद्रकोरीसारखा आकार दिलेला. आपण तिसऱ्या, मुळे, कालवं काढतो आणि कवचं परड्यात टाकून देतो. तशाच कवचाची पहिली गरी. एका टोकाची.

त्यानंतर आपल्याच उपखंडात या. मोहेंजोदडो, हडप्पा, गुजरातेतलं लोथल इथल्या उत्खननात तांब्याच्या आणि काशाच्या गरी सापडल्या आहेत, चार हजार वर्षांहून जुन्या. त्यांतल्या काहींना आजच्यासारखा उलटा काटा आहे आणि दोरी बांधायला वरच्या बाजूला वेटोळं आहे. शेजारी आजची बाजारातली गरी ठेवली तर धातू सोडून फारसा फरक दिसणार नाही. जी वस्तू चार हजार वर्षं बदलली नाही, ती नीट विचार करून घडवलेली असणार. तीही एका टोकाचीच.

मासे कधी मारायचे नाहीत, याचे नियमही आपल्याकडे जुने आहेत. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात वर्षातल्या ठराविक पौर्णिमांना, चतुर्दशी-अमावास्येला आणि उपवासाच्या दिवशी मासा मारू नये, विकूही नये, असं कोरलेलं आहे. ही गोष्ट इसवीसनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातली. आपण नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या बाहेर काढत नाही, पावसाळ्यात सरकारची बंदी असते, तेव्हा कुरकुर करतो. ही कुरकुर अशोकाच्या काळातही झाली असेल.

यापुढची गोष्ट आम्हाला सगळ्यांत आवडली. बाराव्या शतकात कल्याणीला, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला, चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा राज्य करत होता. आपल्या शेजारच्या गोव्याचे कदंब त्याच घराण्याचे मांडलिक. या राजाने 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राज्य कसं करावं इथपासून स्वयंपाक, दागिने, संगीत, हत्ती, घोडे असं सगळं त्यात आहे. शंभर प्रकरणं. त्यांत एक प्रकरण आहे 'मत्स्यविनोद'. म्हणजे गरवणं! समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते, कोणत्या माशाला कोणतं आमिष, दोरी कोणत्या झाडाच्या तंतूची वळायची, काठी कशी असावी, माशांना आधी काही दिवस खाणं टाकून एका जागी यायची सवय कशी लावायची, सगळं तपशिलात. विसाव्या शतकात सुंदरलाल होरा नावाच्या मोठ्या मत्स्यशास्त्रज्ञांनी या प्रकरणाचा अभ्यास केला आणि जुन्या भारतीयांना माशांची किती बारीक माहिती होती ते जगापुढे मांडलं.

हे वाचताना आमच्यातली एक म्हणाली, "बघा, राजा करतो तो विनोद, आणि आमची पोरं करतात ती टवाळकी!" बोलणं गमतीचं, पण त्यात एक खरी गोष्ट आहे. पोटासाठी गरवणारा आणि हौसेसाठी गरवणारा हे दोघं निदान नऊशे वर्षांपासून वेगळे आहेत. पोटासाठी गरवणाऱ्याला मासा घरी न्यायचा असतो. हौसेवाल्याला मासा लागल्याचा आनंद हवा असतो, मासा नंतर सोडला तरी चालतो. पुढे सगळा घोळ झाला तो या दोघांची साधनं एकमेकांत मिसळली म्हणून.

आता थोडं सातासमुद्रापार जाऊ, कारण तिथे एक बाई आपली वाट बघते आहे. १४९६ साली इंग्लंडमध्ये गरवण्यावरचं एक छोटं पुस्तक छापलं गेलं. इंग्रजीत या विषयावर छापलेलं ते पहिलं. ते डेम ज्युलियाना बर्नर्स नावाच्या मठातल्या बाईने लिहिलं, अशी परंपरा सांगते. विद्वानांचा त्यावर वाद आहे. ते काही असो, त्या पुस्तकात गरी करायची कृती दिली आहे आणि ती सुरू होते शिवणाच्या सुईपासून. सुई निखाऱ्यावर लाल करायची, थंड होऊ द्यायची, चाकूने उलटा काटा उचलायचा, टोकाला धार लावायची, मग वाकवायची, आणि परत तापवून पाण्यात बुडवून कडक करायची. मासा लहान तर सुई लहान, मासा मोठा तर सुई मोठी. हे वाचल्यावर केरवाडीतले एक आजोबा म्हणाले, "आम्ही पण लहानपणी तसाच करू. आवशीच्या डब्यातली सुई चोरून." त्यांनी काही ते पुस्तक वाचलेलं नाही.

सुई आणि गरी या खरोखरच बहिणी. इंग्लंडमध्ये रेडिच नावाचं गाव सुयांसाठी प्रसिद्ध होतं. तिथलेच सुईचे कारागीर गळही करू लागले आणि एकोणिसाव्या शतकात जगभर रेडिचचे गळ जाऊ लागले. त्या कारखान्यांत बायका मोठ्या संख्येने कामाला होत्या. गळाला पिसं, रेशीम, केस बांधून नकली माशी बनवण्याचं बारीक काम तर पुष्कळसं बायकांच्याच बोटांनी झालं. पुढे नॉर्वेतल्या मुस्ताद कंपनीने १८७७ च्या सुमाराला गळ बनवणारं यंत्र आणलं. ते यंत्र तयार करणाऱ्या कारागिराचं नाव मथियास टॉप. तारेचं भेंडोळं एका बाजूने आत, तयार गळ दुसऱ्या बाजूने बाहेर. हातांचं काम गेलं आणि गळ स्वस्त झाला. आजही आपल्या किनाऱ्यावर दुकानात गेलं की लोक "मुस्ताद दे" असंच म्हणतात. एका टोकाचा गळ नॉर्वेहून शिरोड्याच्या दुकानात आला, तो असा.

आता काकींच्या प्रश्नाकडे येऊ. तीन तोंडं कुठून आली?

ती आली नकली माशाबरोबर. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात जुलिओ बुएल नावाचा गृहस्थ होता. त्याची गोष्ट अशी सांगतात की होडीत जेवता जेवता त्याच्या हातून चमचा पाण्यात पडला. चमचा चमकत, डुलत खाली जाऊ लागला आणि एका मोठ्या माशाने झेप घेऊन तो तोंडात धरला. घरी जाऊन त्याने दांडा तोडलेल्या चमच्याला गळ लावला. गोष्ट खरी की रंगवलेली, देव जाणे. पण १८५२ साली त्याला त्या चमच्याच्या गळाचं पेटंट मिळालं ते खरं. त्यानंतर अमेरिकेतच मिशिगन राज्यात जेम्स हेडन नावाच्या मधमाश्या पाळणाऱ्या माणसाने लाकूड तासून नकली मासे बनवायचा कारखाना काढला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्या एका नकली माशाला किती गळ होते सांगू? पाच. प्रत्येक गळ तीनतोंडी. म्हणजे बोटभर लाकडाला पंधरा टोकं!

इतकी टोकं का, तर साधं कारण. कोळंबीसारखं खरं आमिष असतं तेव्हा मासा ते गिळतो, एक टोक पुरतं. नकली माशाला चव नाही, वास नाही. मासा त्याच्यावर झडप घालतो, कधी बाजूने, कधी खालून, आणि फसवणूक कळली की लगेच थुंकतो. त्या क्षणात कुठलं तरी टोक कुठे तरी लागलंच पाहिजे म्हणून चारी बाजूंना टोकं. शिवाय दुकानात गिऱ्हाईकालाही जास्त टोकं म्हणजे जास्त मासे असं वाटतं. १९३६ साली फिनलंडमध्ये लाउरी रापाला या गरीब मच्छीमाराने बुचाच्या लाकडाचा नकली मासा कोरला. चमक यावी म्हणून वेष्टनाचा चांदीचा कागद लावला आणि वर फोटोच्या जुन्या फिल्म वितळवून थर दिला. पुढे त्याच्या नावाची कंपनी जगभर गेली. आज आपल्याकडची पोरं कुठल्याही नकली माशाला 'रापाला' म्हणतात, जसं आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणायचो. आणि त्याच्यासोबत तीन तोंडांचा गळही आपल्या खाडीत आला.

तेव्हा काकी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे. माशाला तोंड एकच आहे. तीन तोंडं माशासाठी नाहीत, ती नेम चुकण्याच्या भीतीसाठी आहेत.

आता आपल्या खाडीचं बघू. नायलॉनचा तंगूस येण्याआधी इथे सणाची नाही तर सुताची दोरी असे, शिशाचा तुकडा, एक गरी आणि तिला कोळंबी. खडकावर बसून नाही तर होडीतून हातानेच गरवायचं. लागला तो मासा घरी. शेंगटी, काळुंदर, तांबोशी, कधी गोब्रा, कधी नशिबाने चोणक. आमच्या आजीच्या काळी गरवलेला मासा विकत नसत, तो शेजारी वाटत. विकायचा तो रापणीचा मासा. आता पर्यटन वाढलं, पाहुणे काठ्या घेऊन येऊ लागले, आमच्या मुलांना त्यातून चार पैसे मिळू लागले. हे वाईट नाही. गटातल्या तीन घरांचे हप्ते त्याच पैशातून वेळेवर येतात, हे आम्ही वहीत बघतो.

पण पाहुण्यांपैकी बरेच जण मासा पकडून फोटो काढून परत सोडणारे. इथे तीनतोंडी गळ आडवा येतो. एक टोक जबड्यात, दुसरं डोळ्याजवळ, तिसरं कल्ल्यात. ते काढेपर्यंत मासा पाच-दहा मिनिटं पाण्याबाहेर. कल्ला फाटला की रक्त वाहतं. तो मासा पाण्यात सोडला तरी जगेलच असं नाही. म्हणजे पाहुण्याला पुण्य केल्याचं समाधान, आणि मासा खाडीच्या तळाला.

सोडलेला मासा जगणं का महत्त्वाचं, तेही सांगतो, कारण यात आपल्या जातीची गोष्ट आहे. बाईच्या जातीची! चोणक, ज्याला रायगडकडे जिताडा म्हणतात, तो लहानपणी नर असतो. तीन-चार वर्षांचा झाला की नर म्हणून वयात येतो. आणखी काही वर्षांनी, अंगाने मोठा झाल्यावर, त्याचीच मादी होते. म्हणजे खाडीतला मोठा चोणक बहुतेक वेळा मादी असते, आणि तिच्या पोटात लाखांनी अंडी. गोब्र्याचं बरोबर उलट. तो आधी मादी, मोठा झाला की नर. आणि तांबोशी? खारफुटीच्या मुळांत आपल्याला मिळते ती बहुतेक पोरवयातली. मोठी झाली की ती खाडी सोडून बाहेर समुद्रातल्या खडकांकडे जाते. म्हणजे आमची खाडी हे तांबोशीचं पाळणाघर आहे. पाळणाघरात तीन टोकांचं लोखंड फिरवायचं का, हा प्रश्न एका सदस्येने असाच विचारला. त्यावर बैठकीत कोणी हसलं नाही.

तीनतोंडी गळाचा आणखी एक त्रास म्हणजे तो अडकतो. खारफुटीच्या मुळांत, खडकात, जुन्या जाळ्यात. ओढला की तंगूस तुटतो आणि गळ तिथेच राहतो. कालवं काढायला कमरेएवढ्या पाण्यात आपण उतरतो, ते पाय कोणाचे? आपलेच. खारफुटीत अडकलेल्या तंगुसात बगळ्याचा पाय गुंतलेला आम्ही पाहिला आहे. आमच्या वेंगुर्ले तालुक्याच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात, त्यांनाही या तंगुसाचा आणि गळाचा धोका.

मग बैठकीत ठरलं की गळ बदलून बघायचे. ठराव एका ओळीचा होता, पण अंमलात आणायला दोन महिने लागले.

पहिला विरोध घरातूनच. मुलं म्हणाली, "एका टोकान मासो सुटतलो, गिराईक रागावतला." दुसरं, नुसता तीनतोंडी काढून साधा गळ लावला तर नकली मासा पाण्यात नीट पोहेना. एक मुलगा दोन दिवस वैतागला. मग कारण सापडलं. नकली मासा डुलतो तो वजनाच्या तोलावर. तीनतोंडी गळ जड, एकतोंडी हलका, म्हणून तोल गेला. एकतोंडी गळ जरा मोठ्या मापाचा, जाड तारेचा लावला की वजन जुळतं. आणि दुसरी भानगड नेढ्याची. साध्या गळाचं नेढं ज्या दिशेला असतं, त्यामुळे कडीत अडकवल्यावर टोक बाजूला वळतं आणि नकली माशाच्या अंगावर घासतं. नेढं काटकोनात फिरवलेले गळ मिळतात, ते लावले की टोक सरळ राहतं. सुई ओवणाऱ्या बायकांना हे सांगावं लागलं नाही, मुलांना सांगावं लागलं. जुना गळ काढायचा तो किल्ल्यांच्या जुडग्याला असते तशा दुहेरी कडीतून, पकडीने. एका मुलाने आपल्या परसातल्या पाण्याच्या टाकीत प्रत्येक नकली मासा ओढून बघितला, डुलतो की नाही. जो डुलला त्याला पास केलं.

शेवटी उलटा काटा पकडीने दाबून सपाट करायचा. हे सगळ्यांत अवघड गेलं. कारण हजारो वर्षांपूर्वी ज्याने तो काटा शोधला, त्याने मासा सुटू नये म्हणूनच शोधला होता. त्यामुळे यावर आम्ही सक्ती केली नाही. जे मासे सोडणार, त्यांच्या गळाचा काटा सपाट. जे घरी खायला नेणार, त्यांनी ठेवावा.

एका हंगामाचा आमचा अनुभव सांगतो. हा काही अभ्यास नव्हे. काही मासे सुटले, हे खरं. विशेषतः नुसती ठोकर मारणारे लहान मासे. पण जे लागले ते बहुतेक ओठाच्या कोपऱ्यात लागले आणि घट्ट बसले. गळ काढायला क्षणभर पुरे, पुष्कळदा मासा पाण्याबाहेर न काढताच. खडकात गळ अडकण्याचं प्रमाण खूप कमी झालं, त्यामुळे हरवणारे महागडे नकली मासे वाचले. हा हिशेब ऐकल्यावर मुलांचा विरोध मावळला. पाहुणे रागावतील ही भीती तर फुकटच निघाली. त्यांच्यातल्या जाणत्यांनी उलट विचारलं, इतके दिवस का नाही केलं? एक मुलगा मात्र अजून तीनतोंडीच वापरतो. तो आमच्याच एका सदस्येचा. तिला आम्ही टोचून बोलत नाही, पण त्याच्या होडीवर मासा सोडवायला आता कोणी बाई जात नाही.

जगात हे नवीन नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नद्या-ओढ्यांत एकाच टोकाचा, काटा नसलेला गळ लावायचा कायदा आहे. मोठ्या समुद्रात लांब दोरीला शेकडो गळ लावून मासेमारी करतात, तिथे कासवं मरू नयेत म्हणून अमेरिकेने २००४ पासून अटलांटिकमधल्या आपल्या बोटींना वाटोळे गळ सक्तीचे केले. टोक आत वळलेला असा गळ गिळला तरी पोटात न रुतता ओठाच्या कोपऱ्यात येऊन बसतो. पॅसिफिक बेटांवरचे लोक हाडाचे आणि शिंपल्याचे असेच वाटोळे गळ पूर्वापार करत आले होते. म्हणजे पुढे जाता जाता माणूस परत शिंपल्याच्या गरीपाशी आला.

आपल्या राज्यात १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे. २०२३ साली महाराष्ट्राने ५४ जातींच्या माशांचं कमीत कमी माप ठरवून दिलं, त्याहून लहान मासा पकडू नये. त्याच वर्षी पापलेटला राज्य मासा जाहीर केलं. पण लहान मासा सोडून द्या असं सांगणं सोपं. तो जिवंत सोडता आला पाहिजे, आणि त्याला साधन तसं पाहिजे. आमच्या गळाबद्दल कुठलाही कायदा आम्हाला सक्ती करत नाही. म्हणूनच ठराव आम्ही केला.

तुमच्या गावात, तुमच्या घरात कोणी नकली माशाने गरवत असेल तर एवढं करा. तीनतोंडी गळ काढून एकतोंडी लावायला सांगा. काढलेले गळ कचऱ्यात टाकू नका, झाकणाच्या डब्यात ठेवा, कारण कचरा वेचणारा हातही कोणाचा तरी आहे. मासा सोडवायचा तो पकडीने, बोटांनी नाही. हातात गळ घुसलाच तर मागे ओढू नका. तंगूस कापा, मासा वेगळा करा, आणि आरोग्य केंद्रात जा. डोळ्याजवळ लागला तर हातच लावू नका, तसंच डॉक्टरकडे न्या. आणि आडाळ्यावर मासा चिरताना पोट आधी बोटांनी चाचपून बघा. आत तुटलेला गळ असू शकतो.

काकींचा हात बरा झाला. अंगठ्याखाली एक पांढरा ठिपका राहिला आहे. मुलाच्या होडीवर त्या परत मासे सोडवायला जातात. परवा एका पाहुण्याला हातभर चोणक लागला. काकींनी होडीतून वाकून, पाण्यातच त्याचा ओठ धरला आणि एका हिसक्यात गरी काढली. पाहुणा म्हणाला, "अहो काकू, फोटो राहिला!" काकी म्हणाल्या, "ती मादी हा. तिका कामा आसत. फोटो माझो काढ."

त्याने काढला. तो फोटो आमच्या गटाच्या कार्यालयात लावला आहे. कधी शिरोड्याला आलात तर बघायला या. भाकरी आणि तिसऱ्यांचं सुकं आमच्याकडे.